मिनेसोटाची जत्रा: राक्षसी भोपळे, गोठे आणि आमचे तात्या

निवडुंग (धागाकर्ती)

आई-तात्या मे महिन्यापासून आमच्याकडे सेंट पॉलला आहेत. मॉल झाला, मेपल ग्रोव्हचं देऊळ झालं, डुलुथला नेऊन लेक सुपीरियर दाखवून झालं. तिथे तात्या म्हणाले, "ह्येला तलाव म्हंत्यात व्हय? पल्याडचा काटच दिसंना." मग बराच वेळ गप्प. आटपाडी तालुक्यातल्या माणसाला एवढं गोडं पाणी एका जागी दिसलं की तो गप्पच होतो. पण एकूणात त्यांचा जीव काही इथे रमेना. पहाटे उठून मागच्या दाराच्या पायरीवर बसायचे आणि मी हिरवळ कापली की विचारायचे, "ह्ये गवात कुणाला घालत न्हाईस? नुसतं टाकून देतीस?"

म्हणून ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात स्टेट फेअरला नेलं. माहीत नसणाऱ्यांसाठी: ही राज्याची जत्रा. १८५९ पासून भरतेय. ऑगस्टअखेर सुरू होते, बारा दिवस चालते आणि लेबर डेला (सप्टेंबरचा पहिला सोमवार) उठते. २०१९ साली एकवीस लाखांवर माणसं येऊन गेली, आणि अख्ख्या राज्याची लोकसंख्या सत्तावन्न लाखांच्या आसपास. १९४६ मध्ये पोलिओच्या साथीमुळे आणि २०२० मध्ये करोनामुळे भरली नव्हती. जत्रेच्या आसपासची घरं आपापल्या अंगणातल्या हिरवळीवर पैसे घेऊन गाड्या लावून घेतात. एक आजोबा पुठ्ठ्याची पाटी हलवत रस्त्यात उभे होते. आई म्हणाली, "जेजुरीला चंपाषष्ठीला असंच असतंय."

मुलाला भोपळे बघायचे होते, म्हणून आधी शेतकी इमारतीत गेलो. भोपळा म्हणजे आपल्या डोळ्यासमोर जो येतो तो नव्हे. लाकडी फळीवर नारिंगी-पिवळट रंगाचा एक ढिगारा बसला होता. गोल नाही, एका अंगाला कललेला, खालून चपटा, पोटावर शिरांचं जाळं. गरम झालेलं मेण खाली ओघळून थिजावं तसा. शेजारच्या फळीवर त्याचाच भाऊ. माझा सात वर्षांचा मुलगा त्याच्यामागे उभा राहिला आणि दिसेनासा झाला. तात्यांनी दोरीच्या अलीकडून वाकून देठ बघितला. देठ माझ्या मनगटाहून जाड. मग बोटाच्या पेरानं टकटक करायला निघाले, तेवढ्यात तिथल्या बाई हसत आल्या आणि मान हलवून नको म्हणाल्या.

"खात्यात का ह्येला?"

मी विचारून सांगितलं, नाही, चव नसते.

"मग?"

या "मग?"ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याच इमारतीत बिया चिकटवून केलेली चित्रं आहेत, मिनेसोटात पिकणाऱ्या पिकांच्याच बिया वापरायच्या असा नियम. आई तिथे अर्धा तास उभी होती. मोहरी कुठली, जवस कुठलं, ते माझ्या मुलाला ओळखून दाखवत होती. दूधवाल्यांच्या इमारतीत तर काचेच्या थंड खोलीत एक मुलगी जाकीट घालून फिरत्या चौथऱ्यावर बसली होती आणि समोर एक जण चाळीस किलो लोण्याच्या ठोकळ्यातून तिचं डोकं कोरत होता. दुग्धव्यवसायाची राजकन्या निवडतात, तिच्यासोबत अंतिम फेरीत आलेल्या सगळ्या मुलींची अशी डोकी होतात आणि ज्याचं त्याला घरी नेता येतं. आई म्हणाली, "कढवलं तर तूप किती निघंल गं?"

मग गुरांच्या गोठ्यात शिरलो आणि आमचे तात्या जे बदलले!

शेकडो गाई, पण वास नाही, माशा नाहीत, खाली कोरडं पिवळं काड. पंखे चालू. एक पोरगं आपल्या कालवडीला चक्क ड्रायर लावून वाळवत होतं. तात्या होल्स्टिन गाईपाशी थांबले. आमच्या गावाला कुठल्याही संकरित गाईला "जर्शी" म्हणतात, पण तात्यांना फरक कळतो. मागे जाऊन कास बघितली, पोटाखालची दुधाची शीर बघितली, मालकाकडे पाहून तीन बोटं वर केली. मला वाटलं किंमत विचारतायत. मालकानं दोन बोटं वर केली. तात्या मान डोलावून मला म्हणाले, "दुसरं येत हाय. मला तिसरं वाटलं हुतं." (येत म्हणजे वेत, गाय कितव्यांदा व्यायली ते.) पुढची दहा मिनिटं त्या दोघांना माझी गरज पडली नाही.

तिथून जन्मघरात गेलो. हो, इथे गाई, मेंढ्या, डुकरिणी सगळ्यांसमोर वितात, पशुवैद्यकीचे विद्यार्थी मदतीला असतात. बारा दिवसांत वासरं-कोकरं-पिलं मिळून दोनशेच्या घरात जन्मतात म्हणे. एक काळी गाय नुकतीच मोकळी झाली होती, वासरू अजून ओलं. भोवती पाच-सहाशे माणसं, गाय आपली वासराला चाटण्यात दंग. तात्या आधी रागावले. "येवढ्या लोकांच्या म्होरं? गाय बुजंल की." आमच्याकडे गाय विणार असली की परक्या माणसाला गोठ्यात फिरकू देत नाहीत, दृष्ट लागते म्हणून. नंतर मात्र तिथून हलेनात. "वार पडू दे, मग जाऊ." (वार म्हणजे वासरामागून बाहेर पडणारी पिशवी.) मुलाला मोठ्या घसरगुंडीवर जायचं होतं, तो रडायला लागला, म्हणून मी तात्यांना जवळजवळ ओढूनच बाहेर काढलं.

शेवटची गोष्ट लिहायची की नाही, विचार करत होते. चार-एच नावाची मुलांची संस्था आहे, शेतकऱ्यांची मुलं वर्षभर जनावर सांभाळतात आणि इथे आणतात. चौदा-पंधरा वर्षांची एक मुलगी काडावर झोपली होती, डोकं तिच्या काळ्या खोंडाच्या पोटावर. खोंड निवांत रवंथ करतोय आणि त्याच्या श्वासाबरोबर हिचं डोकं वर-खाली होतंय. आईनं पदर डोळ्याला लावला. मी तिथल्या पाटीवर वाचलं की हा खोंड मांसासाठीच्या गटातला. स्पर्धा झाली की विक्री, पुढे कत्तलखाना. तात्यांना सांगावं का, कळेना. घरी येताना गाडीत सांगितलं.

तुमच्याकडच्या जत्रांबद्दल लिहा. आणि भोपळ्याच्या "मग?"चं उत्तर कुणाकडे असेल तर तेही.

---

टवाळ

कुणीतरी काढणारच, म्हणून मीच विषय काढून मोकळा होतो: म्हातारीला लेकीकडे जायला हा भोपळा पुरेल का?

बाकी लेख झकास. माझ्या आयुष्यातले सगळे भोपळे गणिताच्या पेपरातले.

---

परसबाग

@टवाळ, पुरेल, आणि पाण्यातूनसुद्धा जाईल. कॅनडात नोव्हा स्कोशियातल्या विंडसर गावात १९९९ मध्ये असे भोपळे कोरून, आत माणूस बसवून, वल्हवत तळ्यात शर्यत लावायला सुरुवात झाली. गाव तेच का, तर ज्या बियाणामुळे हे सगळं वेड सुरू झालं ते 'अटलांटिक जायंट' तिथल्याच हॉवर्ड डिल नावाच्या शेतकऱ्यानं निवडीनं तयार केलं. १९०४ च्या सेंट लुईच्या जागतिक प्रदर्शनात ४०३ पौंडांचा भोपळा आला होता, तो विक्रम १९७६ पर्यंत कुणी मोडला नव्हता. डिलचं बी बाजारात आलं आणि आकडे पळत सुटले. २०१२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या टॉप्सफील्ड फेअरला २,००९ पौंड, म्हणजे पहिल्यांदा दोन हजारांच्या वर. आणि सध्याचा जागतिक विक्रम तुमच्याच मिनेसोटाचा! अनोका गावचे ट्रॅव्हिस गिंगर बागकाम शिकवतात. त्यांनी २०२३ मध्ये २,७४९ पौंडांचा (१,२४७ किलो) भोपळा ट्रकवर लादून पार कॅलिफोर्नियाच्या हाफ मून बेला नेला आणि तीस हजार डॉलर घेऊन आले. भोपळ्याचं नाव ठेवलं होतं मायकल जॉर्डन.

निवडुंग, तुम्ही बघितलेले भोपळे हे कच्चे खेळाडू होते, बरं का. ऑगस्टअखेरीला भोपळा अजून वाढत असतो, पण जत्रेसाठी तोडावा लागतो. खरे पैलवान ऑक्टोबरात तुमच्याजवळच्या स्टिलवॉटरला वजनाला येतात. तिकडे तात्यांना न्या.

आता "मग?"चं उत्तर. मी दोन वर्षं लावलाय म्हणून लिहितो.

बी अंगठ्याच्या नखाहून मोठं. एप्रिलमध्ये घरात कुंडीत रुजवायचं, मेमध्ये बाहेर, तेही प्लास्टिकचा छोटा तंबू करून. खड्ड्यात शेणखत इतकं की बायको म्हणाली, शेजारी तक्रार करतील. वेल पसरला की प्रत्येक पेराशी माती ओढून गाडायचा, तिथे तिथे मुळं फुटतात. मादी फूल उमलायच्या आदल्या संध्याकाळी त्याचं तोंड दोऱ्यानं बांधून टाकायचं, मधमाशीनं भलतेच पराग आणू नयेत म्हणून. दुसऱ्या दिवशी पहाटे दोरा सोडायचा, नर फुलाच्या पाकळ्या फाडून त्याचा दांडा आत फिरवायचा. लुंगीवर, हातात टॉर्च घेऊन मी हे करत होतो. मग एका वेलावर एकच भोपळा ठेवायचा, बाकीचे खुडायचे. हे फार जिवावर येतं. भोपळ्याखाली वाळू, वर जुनी चादर, कारण उन्हानं साल कडक झाली की वाढताना फुटते.

ऐन भरात दिवसाला तीस-चाळीस पौंड वाढतो. संध्याकाळी टेप घेऊन तीन मापं काढायची (घेर, आडवं, उभं), बेरीज करून तक्त्यात बघितलं की वजनाचा अंदाज येतो. माझा पहिला भुरी रोगानं गेला. दुसरा जुलैअखेर १८० पौंडांवर होता. मग दोन दिवस धो धो पाऊस. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेत होतो आणि परसातून आवाज आला, टच्च. पेन्सिल मोडावी तसा. जाऊन बघतो तर देठापासून खाली हातभर चीर, बोट आत जात होतं. पोकळीपर्यंत भेग गेली की स्पर्धेतून बाद. मी ऑफिसला फोन करून आज येत नाही म्हणून सांगितलं.

तेव्हा तात्यांना सांगा, "मग" काही नाही. बैलगाडा शर्यतीत पळणाऱ्या बैलाला कुणी विचारतं का, औताला चालतो का म्हणून?

---

एमएच१०

शेवटच्या वाक्यासाठी परसबागरावांना कडक सलाम. 😄

तात्या कुठल्या गावचे? मी विट्याचा. आटपाडी तालुक्यातले म्हणजे खरसुंडीची यात्रा घरचीच. सिद्धनाथाच्या पौषी यात्रेला खिलार जनावरांचा बाजार भरतो. लहानपणी आजोबांबरोबर जायचो. तिथेही शब्द कमी आणि बोटं जास्त. उपरण्याखाली हातात हात घालून सौदा व्हायचा, शेजारी उभ्या माणसाला आकडा कळायचा नाही. वय कुणी विचारत नाही, जनावराचा ओठ वर करून दात मोजायचे: आदत, दुसा, चौसा, जुळला. तात्यांनी तिथल्या गाईचे दात बघितले की नाही?

---

निवडुंग

@एमएच१०, बघणार होते, मीच हात धरला. गावाचं नाव इथे लिहीत नाही, पण खरसुंडी चालत जाण्याच्या अंतरावर.

@परसबाग, तुमचा प्रतिसाद तात्यांना वाचून दाखवला. लुंगी आणि टॉर्चला हसले. चीर पडली तिथे "आरारा" म्हणाले. मग म्हणाले, "बी मिळंल का?" मी सांगितलं, विमानातून बी नेता येत नाही, कस्टमवाले काढून घेतात. त्यावर आईकडे बघून जे हसले त्यावरून आता बॅगा मीच भरणार आहे.

---

गुरांचा_डॉक्टर

मी पशुवैद्यक, सातारा जिल्ह्यात पंचवीस वर्षं. तात्यांना नमस्कार सांगा. वार पडल्याशिवाय हलायचं नाही, ही जुन्या माणसाची सवय चांगली. वार साधारण सहा-आठ तासांत पडते, बारा तास उलटले तर अडकली समजून डॉक्टरला बोलवायचं. आणि घरच्या घरी ओढून काढायची नाही, हे मी रोज ओरडून सांगतो.

पण याच सवयीची एक वाईट बाजू आहे, ती धाग्याच्या निमित्ताने लिहितो. आपल्याकडे बऱ्याच गावांत वार पडेपर्यंत वासराला पाजत नाहीत, धारही काढत नाहीत. पाजलं तर वार अडकते असा समज. खरं तर उलटं आहे. वासरानं आचळाला ढुसण्या दिल्या की गर्भाशय आवळतं आणि वार पडायला मदतच होते. माणसाच्या बाळाला आईच्या पोटातच थोडीफार रोगप्रतिकारशक्ती मिळते, वासराला अजिबात मिळत नाही, ती सगळी चिकातून. आणि वासराचं आतडं ती शोषून घेतं फक्त पहिल्या दिवसात, तासागणिक कमी कमी. म्हणून पहिल्या तास-दोन तासांत चीक पोटात गेला पाहिजे, वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका. तीस किलोचं वासरू असेल तर दिवसाला तीन लिटर. मी कितीतरी वासरं हगवणीनं गेलेली बघितली, ज्यांची आई बादलीभर चीक घेऊन शेजारी उभी होती.

मिनेसोटात माणसांच्या गर्दीत गाय विते हे ऐकून मलाही आधी बरं वाटलं नाही. पण शहरातल्या पोरांना दूध पिशवीतून येत नाही हे कळत असेल तर चांगलंच.

---

सायीचं_दही

डॉक्टर, हे वाचून पापी मनात पहिला विचार खरवसाचा आला, माफ करा. अमेरिकेत सोळा वर्षं झाली, कंडेन्स्ड मिल्कचा खोटा खरवस खाऊन कंटाळले. त्या जत्रेत चीक विकत मिळतो का?

---

गुरांचा_डॉक्टर

आधी वासरू, मग तुम्ही. 🙂 गाई भरपूर चीक देतात, वासराचं भागून उरतो, तो खा खुशाल. दुसऱ्या दिवसाचा घ्या, पहिल्या दिवसाचा फार घट्ट होतो, वडी रबरासारखी लागते.

---

मक्याच्या_देशा

आमच्या आयोवाच्या जत्रेबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही! डे मॉइनला ऑगस्टमध्ये भरते, तुमच्या मिनेसोटाच्या आधीची, १८५४ पासूनची. लोण्याची डोकी कसली घेऊन बसलात, आमच्याकडे लोण्याची अख्खी गाय असते, १९११ पासून. सुमारे सहाशे पौंड लोणी. लाकूड आणि जाळीचा सांगाडा करून त्यावर लिंपतात, आणि लोणी वर्षानुवर्षं तेच पुन्हा वापरतात. (तूप कढवायचा विचार आईंनी सोडून द्यावा.)

आता त्या मुलीबद्दल. माझी मुलगी चार-एचमध्ये होती. आम्ही शहरात राहतो, अंगणात गाय कुठली बांधणार, म्हणून ससे आणि नंतर कोंबड्या. एवढ्यावरही प्रवेश मिळतो. चार एच म्हणजे डोकं, काळीज, हात आणि आरोग्य यांची इंग्रजी आद्याक्षरं, खूण चार पानांची हिरवी. १९०२ मध्ये ओहायोत एका शाळामास्तरानं सुरू केलं, आता राज्य विद्यापीठांच्या विस्तार विभागांमार्फत चालतं. मुलांना वही ठेवावी लागते: खाद्य किती, खर्च किती, वजन किती वाढलं, औषध कधी दिलं. परीक्षक जनावर बघतात तसं मुलालाही खोदून खोदून विचारतात. माझ्या मुलीला एकदा कोंबडीच्या पंखाखालची पिसवा दाखवायला सांगितली होती, हिला सापडली नाही, लाल फीत मिळाली. इथे निळी फीत वरची, लाल त्याखालची. आपल्या लोकांना आधी उलटंच वाटतं.

मांसाच्या गटातली जनावरं विक्रीलाच असतात, मुलांना पहिल्या दिवसापासून माहीत असतं. लिलावाला गावातले दुकानदार, बँका बाजारभावापेक्षा जास्त बोली लावतात, ते पैसे मुलं कॉलेजसाठी ठेवतात. तरी रडतात. मुलीची एक मैत्रीण डुकरं आणायची. लिलाव झाला की रिकामा ट्रेलर स्वतः धुवायची, कुणाला हात लावू द्यायची नाही. पुढच्या मार्चमध्ये नवं पिल्लू.

---

शांतिपाठ

मला हे पटत नाही. लेकरासारखं वाढवायचं, नाव ठेवायचं, त्याच्या पोटावर डोकं ठेवून झोपायचं आणि मग विकायचं? लहान मुलांच्या मनावर याचा काय परिणाम होत असेल? यापेक्षा कसायाचा मुलगा बरा, तो निदान माया तरी लावत नाही. आपल्याकडे बैलाला पोळ्याला पुरणपोळी खाऊ घालतात.

---

एमएच१०

@शांतिपाठ, आमच्याकडे पोळा नाही, बेंदूर. पुरणपोळी तीच. शिंगांना हिंगूळ, अंगावर झूल, गळ्यात घुंगरं, वाजत-गाजत मिरवणूक. सगळं खरं.

आणि बैल म्हातारा झाल्यावर? २०१५ मध्ये महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली (गाईंवर १९७६ च्या कायद्यापासूनच होती). त्याआधी म्हातारा बैल बाजारात जायचा. कुठे जातो हे अख्ख्या गावाला ठाऊक असायचं आणि कुणी बोलायचं नाही. आता दावणीला ठेवला तर दुष्काळात कडबा कुठून आणायचा, आणि सोडून दिला तर शेजाऱ्याच्या ज्वारीत शिरतो. पुरणपोळी वर्षातून एक दिवस, वैरण तीनशे पासष्ट दिवस.

---

शांतिपाठ

म्हणजे कायदा चुकीचा म्हणायचंय का तुम्हाला?

---

एमएच१०

मी कडब्याबद्दल बोलतोय.

---

व्यवस्थापक

कायद्यावरच्या चर्चेसाठी वेगळा धागा काढावा. इथे जत्रा चालू राहू द्या.

---

डॅलसकर

व्यवस्थापकांच्या आज्ञेनुसार जत्रा. टेक्सासच्या जत्रेत बिग टेक्स नावाचा पन्नास फुटांवर उंच काऊबॉय उभा असतो, तोंड हलवून सगळ्यांना "हाउडी" करतो. १९ ऑक्टोबर २०१२ ला शॉर्ट सर्किट होऊन तो जळाला, राहिला फक्त सांगाडा आणि हात. २४ तारखेला दसरा होता. आमच्या मंडळाच्या गटावर त्या दिवशी जे विनोद झाले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. पुढच्या वर्षी नवा उभा केला, आधीपेक्षा उंच.

शाकाहारी मंडळींना एक सल्ला: कुठल्याही जत्रेत भाजलेलं कणीस घ्या आणि पर्समध्ये लिंबाची फोड आणि तिखट-मिठाची पुडी ठेवा. ते लोक कणीस वितळलेल्या लोण्यात बुडवून देतात. लोणी नको म्हटलं तर चेहरा पडतो बिचाऱ्यांचा.

---

निवडुंग

कणसाचं बरोबर. आईनं पिशवीतून काळा मसाला काढला तेव्हा बाकावर शेजारी बसलेल्या बाईंनीही हात पुढे केला. नंतर पाणी पाणी करत होत्या. शेजारीच एका किमतीत हवं तेवढं दूध मिळतं, त्यांना मी तिकडे पाठवलं.

@शांतिपाठ, तुमचा प्रश्न मलाही होता. म्हणूनच ती गोष्ट लिहू की नको करत होते. गाडीत तात्यांना सांगितलं तेव्हा काय झालं ते आता लिहिते.

त्यांनी आधी विचारलं, "पोरीला म्हाईत हाय?" म्हटलं, हो. मग हायवेला लागेपर्यंत काही बोलले नाहीत.

२००३ च्या दुष्काळात आमच्याकडे सोन्या नावाचा खिलार होता. मी कॉलेजात. छावण्या पुढे सुरू झाल्या, पण त्याआधीच तात्यांनी तो खरसुंडीला नेऊन विकला. मला फक्त एवढंच माहीत होतं की एका लांबच्या शेतकऱ्यानं औतासाठी नेला. मी बावीस वर्षं हेच धरून चाललेय. गाडीत तात्या खिडकीबाहेर बघत म्हणाले, "म्या गिऱ्हाइकाला गाव इचारलं न्हाई. दावं सोडलं, पैसं घेतलं आन् म्हागं न बगता एश्टीत बसलो. पोरीनं त्येच्यापाशी झोपून तरी घेतलं."

आई म्हणाली, "पुरे आता." आणि मुलाला बिस्किट दिलं.

---

मक्याच्या_देशा

🙏

---

शांतिपाठ

तात्यांना माझा नमस्कार सांगा. मला अजूनही पटलेलं नाही, पण कसायाच्या मुलाबद्दलचं माझं वाक्य मागे घेतो.

---

सायीचं_दही

मी कालपासून या धाग्यावर तीनदा येऊन गेले, काही लिहिता येत नव्हतं. आज फक्त एवढंच विचारते, आईंनी गोधड्या बघितल्या का? आमच्या इंडियानाच्या जत्रेत क्विल्टचं मोठं दालन असतं.

---

निवडुंग

बघितल्या की. पहिल्या नंबरच्या गोधडीचा टाका जवळून बघून म्हणाली, "मशीनचाय." दुसऱ्या नंबरची हातशिलाईची होती. परीक्षकांवर अजून राग आहे तिचा.

---

परसबाग

(ऑक्टोबर) धागा वर काढतोय, कारण मी वर लिहिलेला विक्रम मोडला! इंग्लंडमधल्या इयन आणि स्टुअर्ट पेटन या जुळ्या भावांचा भोपळा २,८१९ पौंड, म्हणजे १,२७८ किलो. दोघं भाऊ लहानपणापासून, जवळजवळ पन्नास वर्षं, हेच करतायत. मिनेसोटाकरांचं सांत्वन.

माझा यंदाचा २३५ पौंडांवर थांबला, पण फुटला नाही. तोडून शेजारच्या फार्मवर गाईंना घातला. तात्यांना कळवा, खाल्ला म्हणून.

---

निवडुंग

परसबाग, अभिनंदन! आई-तात्या मागच्या आठवड्यात गावी पोचले. (बॅगेत बी नव्हतं. तात्यांच्या कोपरीच्या खिशात होतं का, ते मी तपासलेलं नाही आणि इथे कुणी विचारू नये.)

काल रात्री फोनवर सगळं सांगितलं. दोघं जुळे भाऊ, पन्नास वर्षं, १,२७८ किलो. तुमच्या भोपळ्याचं आणि गाईंचंही सांगितलं. पलीकडून बराच वेळ फक्त कुत्र्याचा आवाज. मग तात्या म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे. त्या काळ्या गायीची वार पडली का न्हाई, ते तू फोन करून इचारणार हुतीस."